कुप्याची पिल्लं

फार वर्षांपूर्वी समुद्रकाठी एक कोळीवाडा होता. थंडी सरताना तिथल्या खाडीत कुप्याचे थवे यायचे. कुपा म्हणजे जाडजूड, लाल मांसाचा मासा. एक कापला की दोन घरं जेवायची. उरलेला मीठ लावून सुकवायचा. दर्या खवळून होड्या बंद झाल्या की त्यावरच सगळ्यांचं पोट भरायचं.

एका वर्षी कुपा आला, पण सगळा जेमतेम हातभर लांबीचा. हिराजी नाखव्याने बारीक भोकांचं जाळं होडीत घेतलं. त्याची बायको चांगुणा काठावर मासा चिरून बघत होती. ती म्हणाली, "अहो, एकाच्याही पोटात गाभोळी नाही, अंडी धरायचं वयच नाही. ही पिल्लं आहेत. यंदा सोडा."

"आपण सोडली तर पलीकडच्या गावचे धरतील," हिराजी म्हणाला.

त्याचं बघून सगळ्यांनीच बारीक जाळी टाकली. दोन दिवसांत वाळूवर माशांचे ढीग लागले. मीठ संपलं. निम्मा मासा सडला, तो खड्डे खणून पुरावा लागला. चांगुणा नाकाला पदर लावून माती लोटत होती.

पुढच्या वर्षी कुपा थोडाच आला. त्याच्या पुढच्या वर्षी आलाच नाही. होड्या बंद झाल्यावर घरोघरी नुसती पेज शिजू लागली. हिराजीचा धाकटा भाऊ बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेला.

शेवटी हिराजी पलीकडच्या गावी गेला. तिथल्या म्हाताऱ्या पोशा नाखव्याला त्याने विचारलं, "काका, तुमच्याकडे तरी कुपा येतो का?"

"नाही रे. दोन वर्षं झाली." म्हातारा म्हणाला. "त्याआधीच्या साली पिल्लंच आली होती. आम्ही सोडून दिली. म्हटलं, तुमच्या खाडीत जातील, तिथे वाढतील."

हिराजीची मान खाली गेली. "आमच्याच खाडीत आली होती काका," तो कसाबसा म्हणाला.

म्हातारा रागावला नाही. आत जाऊन त्याने सुक्या कुप्याचा एक तुकडा आणला. "शेवटचा आहे. घरी पोरांना दे."

हिराजीला हात पुढे करवेना. म्हाताऱ्याने तो तुकडा होडीत ठेवला आणि होडी पाण्यात ढकलून दिली.

तात्पर्य: दुसरा लुटेल या भीतीने आपण लुटतो, तेव्हा तो दुसरा राखत होता हे फार उशिरा कळतं.