रिकाम्या मडक्यांचा मंडप

पुष्कळ वर्षं झाली. इतकी, की ज्या नगराची ही गोष्ट आहे त्याच्या वेशीचे दगडही आता मातीत गेले आहेत.

त्या नगरात गाण्याचा एक मोठा मंडप होता. व्यासपीठावर कुणी हलकेच गुणगुणलं, तरी शेवटच्या रांगेतल्या हमालाला ते ऐकू जायचं. बांधणाऱ्यांनी भिंतींत शंभर रिकामी मडकी बसवली होती, तोंडं मंडपाकडे करून. मंडप राखणारी म्हातारी दरवर्षी शिडीवर चढून एकेक मडकं बोटाने वाजवून बघायची. फुटकं निघालं, की कुंभाराकडून नवं आणायची.

नगरशेठ मात्र भलता काटकसरी. माणूस हाताचा स्वच्छ. नगराचा एक दाणाही त्याने कधी घरी नेला नाही, आणि याचा त्याला फार अभिमान. एका वर्षी पीक बुडालं, तेव्हा पंचांना घेऊन तो खर्च कापायला बसला.

"रिकाम्या मडक्यांवर दरवर्षी खर्च?" तो थक्क होऊन म्हणाला. "काढा ती सगळी! त्यांत नगराचं बियाणं भरा आणि भिंतीतली भोकं चिखलाने लिंपून टाका. गाणं काय, होईल तसंच."

म्हातारीने हात जोडले. "शेठजी, रिकामी आहेत म्हणूनच ती कामाची आहेत. गवयाचा आवाज तीच मागपर्यंत नेतात."

"मडकी कधी आवाज नेतात होय, आजी?" शेठ हसला. पंचही हसले. शेठ हसल्यावर न हसणारे पंच मी तरी अजून पाहिलेले नाहीत.

मडकी निघाली. त्यानंतरचं पहिलं गाणं पुढच्या तीन रांगांनी ऐकलं. मागच्यांनी गवयाचे नुसते हातवारे पाहिले. हळूहळू लोक यायचेच थांबले. तेव्हा शेठ पंचांना म्हणाला, "बघा, कुणाला हवंय गाणं?" आधी पाय मोडायचा आणि मग म्हणायचं, याला चालायची हौसच नाही!

पेरणीच्या वेळी मडकी उघडली आणि साऱ्यांच्या काळजात धस्स झालं. बियाणं बुरसलं होतं. आवाजासाठी घडवलेली ती पातळ मडकी, त्यांनी हवेतली ओल आत ओढून घेतली होती. पण गावभर कुजबुज उठली ती निराळीच: "चांगलं बी शेठने सोयऱ्यांना वाटलं आणि सडकं आपल्यासाठी ठेवलं."

नगराचा रिवाज असा, की ज्याच्यावर आळ आला त्याने मंडपात उभं राहून सगळ्यांना उत्तर द्यायचं, आणि मग लोकांनी हात वर करून निवाडा करायचा. शेठ निर्धास्त होता. कर नाही त्याला डर कशाला?

मंडप खचाखच भरला. शेठ बोलू लागला, आणि खरं तेच बोलला. पुढच्या तीन रांगा माना डोलावत होत्या. इतक्यात मागून कितीतरी जण एकदम ओरडले, "बोला की! दातखीळ बसली काय?"

शेठ व्यासपीठाच्या कडेपर्यंत पुढे आला. तो घसा फोडून ओरडला, पण आवाज चिखलाच्या भिंतींत जिरून गेला. मागच्यांना एवढंच दिसलं, की शेठ हातवारे करतोय आणि सांगत मात्र काही नाही.

"आजी," तो पुढच्या रांगेतल्या म्हातारीला म्हणाला, "तू ऐकलंस ना? तू तरी सांग त्यांना!"

म्हातारीचे डोळे भरून आले. "सांगते, शेठजी. पण माझा आवाज मागे कोण नेणार?" तरीही ती उठली आणि सांगत राहिली. तिचंही कुणाला ऐकू गेलं नाही.

शेठच्या विरुद्ध मागच्या रांगांचे हात वर गेले, आणि मागच्या रांगाच जास्त होत्या. पंचांनी त्याच्या डोक्यावरची नगरशेठची पगडी काढून घेतली. तो मटकन खाली बसला. भिंतीवर चिखलाने बुजवलेली शंभर भोकं होती, आणि तो ती एकेक करून बघत राहिला.

तात्पर्य: सगळ्यांचा आवाज पोचवणारी जागा बुजवली, की आपलं खरंही कुणाला ऐकू जात नाही.