पांढऱ्या कपड्यांचं गिऱ्हाईक

फार पूर्वी, जनावरंसुद्धा बाजारहाट करायची तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठी कासवशेठचं घुंगरांचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकं सांभाळायला डबकू बेडूक होता. कपड्यांवरून आपण गिऱ्हाईक बरोबर ओळखतो, अशी त्याला भारी घमेंड.

एकदा चिखलाने माखलेली म्हैस दारात आली. “भाऊ, माझ्या रेडकासाठी घुंगरं दाखव ना.”

“बाई, बाहेरच थांबा. फरशी खराब होईल,” डबकूने नाक मुरडलं.

तेवढ्यात पांढऱ्याशुभ्र पोशाखातला बगळा डौलात आत शिरला. त्या पोशाखापुढे डबकूला त्याची चोच दिसलीच नाही. “या, या साहेब! पाणी आणू? काय दाखवू आपल्याला?”

बगळ्याने घुंगरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डबकूलाच वरून खालपर्यंत न्याहाळत तो म्हणाला, “माल ताजा दिसतोय. बांधून नको, इथेच खातो.”

टुणकन उडी मारून डबकूने दारातल्या म्हशीच्या पायाला मिठी मारली. म्हशीने शिंगं रोखली, तसे साहेब भुर्रकन उडाले.

“क-कोणती घुंगरं दाखवू, ताई?” डबकू पायाला तसाच चिकटून म्हणाला.

“सगळी दाखव,” म्हैस म्हणाली, “पण आधी माझा पाय सोड!”