पाण्याच्या दिवशी शक्तिप्रदर्शन

आमच्या नगरसेविका इंदूमावशी ढोकणे आमदारकीचं तिकीट मागायला जिल्ह्याच्या पक्ष कार्यालयात गेल्या, तेव्हा सोबत मी एकटीच होते. बाहेर दुसरे इच्छुक राजाभाऊ यांचं शक्तिप्रदर्शन चाललं होतं. गाड्या, फेटे, हलगी, सगळा थाट.

जिल्हाध्यक्ष आबासाहेब शेंडकर खुर्चीत रेलून म्हणाले, "ढोकणेबाई, राजाभाऊंमागे तुमचं अख्खं शहर आलंय. तुमच्यामागे एवढी एकच पोरगी?"

मोठी माणसं प्रश्न विचारतात ते उत्तर ऐकायला नव्हेच. मी तोंड उघडणार, तोच मावशींनी माझा हात दाबला.

"आबासाहेब, आमच्याकडे आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. ते आत्ता चालू आहे. आमच्या शहरात ज्यांचं मत आहे, ते घरी हंडे भरताहेत. बाहेर निवांत नाचणारे कुठले, तेवढं विचारा."

आबासाहेबांनी खिडकीतून एका फेटेवाल्याला हटकलं, "काय रे, पाणी भरलंस का?"

"आमच्या गावात रोज येतंय की, साहेब!"

तिकीट मावशींना मिळालं. पुढे त्या राज्यमंत्री झाल्या आणि त्यांनी शहराला रोज पाणी आणलं. आबासाहेब तेवढे अजून कुरकुरतात, "आता खरी गर्दी ओळखायची कशी?"