आमेन म्हणायचं नाही

“पण बाई, तोंड मिटून प्रार्थना होतेच कशी?”

सत्यवान ओहोळ चर्चमध्ये आला होता विचारायला, पण उभा होता शिकवायला आल्यासारखा. गड्याचा आवाजच तसा! कुणाच्या घरी प्रार्थनेला उभा राहिला की अर्धा अर्धा तास थांबायचा नाही. बायका रडायच्या आणि चुलीवरचा भात गार व्हायचा. येत्या रविवारी बिशपसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, करणार होते.

दोर्कसबाई आमच्या चर्चच्या मंडळीतल्या जुन्या बायबलबाई. जन्मभर खेडोपाडी पायी फिरून बायबलातलं वचन सांगितलं. आता रोज दुपारी रिकाम्या चर्चमध्ये येऊन गप्प बसून प्रार्थना करतात. किल्ली माझ्याकडे असते, म्हणून हे मला ठाऊक.

“खरं काय ते बोल,” बाई म्हणाल्या.

सत्यवान मटकन सतरंजीवर बसला.

“भीती वाटते, बाई. बोलायचं थांबलो की वाटतं... पलीकडे कुणीच नाही. मी आपला भिंतीशी बोलतोय. मग आवाज चढवतो. असला माणूस पाळक कसा होणार?”

“मग थांब बोलायचा. डोळे मिट.”

त्यानं मिटले. दोन मिनिटंही झाली नसतील, त्याला दरदरून घाम फुटला.

“आमेन!” म्हणून तो उठायला लागला. आमच्यात आमेन झालं की प्रार्थना संपली, माणूस उठायला मोकळा.

बाईंनी मनगट धरून त्याला खाली बसवलं.

पुन्हा तेच. या वेळी तोंडातून “आ...” निघतंय तोच बाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. होणाऱ्या पाळकाच्या तोंडावर! नुकताच कांदा चिरून आलेला हात, आणि काढायला तयार नाहीत.

सत्यवान धडपडला. मग निमूट झाला...

किती वेळ गेला कोण जाणे. मीसुद्धा झाडू तसाच हातात धरून उभा होतो. त्याचे खांदे थरथरायला लागले, तेव्हा कुठे बाईंनी हात काढला.

“बाई...” त्याचा आवाज पार बसला होता. “कुणीतरी आहे.”

बाई त्याच्यासमोर सरकून बसल्या.

“मघाशी कुणी नाही म्हणून घाबरत होतो. आता आहे म्हणून घाबरतोय. तो काही बोलत नाही, बाई. नुसता ऐकतोय. मी आजवर जे जे बोललो... ते सगळं ऐकलं असेल त्यानं?”

“असेल.”

सत्यवाननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“ही भीती पोटात घेऊन मी रविवारी गुडघे कसे टेकू?”

बाईंनी पदराला हात पुसला.

“ती नसती, तर बिशपसाहेबांना मीच निरोप धाडला असता, याला थांबवा म्हणून.”