पुऱ्यांच्या पिठाचा दर

गडहिंग्लजात घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या रणधीरशेठनी फर्मान काढलं, "नेटवरून फोन केलात, तर महिना शंभर रुपये जादा. बोलण्यानं लाइनीवर भार पडतो!"

गिरणीवाल्या अक्काताई मगदूमांची लेक मस्कतला नर्स होती. तिच्याशी रोजचं बोलणं तुटणार म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला.

दुसऱ्या दिवशी शेठच गहू घेऊन दळणाला आले.

अक्काताईंनी विचारलं, "चपात्या करणार का पुऱ्या? पुऱ्यांच्या पिठाला दर जादा आहे."

शेठ उखडले. "पैसे वजनावर घ्या! पिठाचं मी काय करतो, याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"मग मीही जीबीचे पैसे भरते, शेठ. त्यात सिनेमा बघेन, नाहीतर लेकीशी बोलेन!"

रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. शेठनी तिथल्या तिथं फर्मान मागं घेतलं आणि त्या संध्याकाळी मायलेकी पोटभर बोलल्या.