सर्जेराव फौजीचा फुकटचा वकील

आमच्या वाडीत एक भोळा फौजी होता. सर्जेराव खामकर त्याचं नाव. त्याला सांगावं तेवढंच तो करायचा आणि सांगावं तसंच करायचा. पलटणीत त्याला याच गुणाबद्दल शाबासकी मिळायची. गावात याच गुणाला आम्ही येडेपणा म्हणायचो.

सर्जेराव सरहद्दीवर असताना त्याचा चुलतभाऊ हिंदुराव याने एक भिंत बांधली. नेमकी सर्जेरावच्या आईच्या दारासमोर. दार उघडलं की विटा. म्हातारी पारूबाई स्टुलावर चढून खिडकीतून ये-जा करू लागली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. फार वाईट वाटलं. पंधरा ऑगस्टला आम्ही सर्जेरावला शाल आणि नारळ देतो, "देशाचा वाघ" म्हणून भाषणं करतो. पण हिंदुरावला जाऊन बोलायचं कुणी, यावर आमचं एकमत झालं नाही.

सर्जेराव रजेवर आला. आईला खिडकीतून उतरताना पाहून तो पारावर आला आणि म्हणाला, "मला वकील पाहिजे. परवडणारा."

आम्ही म्हणालो, "तालुक्याला जा. वकील मोठा माणूस असतो, नीट अदबीनं बोल."

सर्जेराव गेला. वकिलांनी फी सांगितली. सर्जेरावने टाचा जुळवल्या. "जी साहेब."

वकिलांना वाटलं, आपण कमीच सांगितली. त्यांनी दुप्पट सांगितली.

"जी साहेब."

तिसऱ्यांदा आकडा वाढवताना वकिलांनाच घाम फुटला. ते म्हणाले, "आधी पैसे घेऊन या." पैसे सर्जेरावकडे नव्हते. तो परत आला.

"अरे येड्या," आम्ही म्हणालो, "जी साहेब काय? सांगतील त्याच्या निम्मं म्हणायचं. हटायचं नाही."

"समजलं. पुढच्या वेळी तसंच."

पुढच्या वेळी तो कोर्टाच्या आवारातल्या मोफत कायदेशीर मदतीच्या खोलीत गेला. तिथले कारकून भले गृहस्थ होते. म्हणाले, "बसा फौजी. तुम्हाला वकील मिळेल. एक पैसा लागणार नाही."

"निम्म्यात करा," सर्जेराव म्हणाला.

"अहो, पैसेच घेत नाही आम्ही."

"मग त्याच्या निम्मे."

कारकुनांनी चष्मा काढून पुसला. "फौजी, याच्या खाली मला उतरता येत नाही हो."

"मग परवडत नाही," असं म्हणून सर्जेराव उठला आणि एसटी धरून परत आला.

आम्ही कपाळाला हात लावला. "अरे, फुकट देणाऱ्याला कुणी नाही म्हणतं का? हात जोडायचे आणि मुकाट्यानं घ्यायचं."

"समजलं. पुढच्या वेळी तसंच."

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर हिंदुराव भेटला. "काय सर्जा, वकील शोधतोयस म्हणे? माझाच घे की. घरचा माणूस आहे. फुकट देतो."

सर्जेरावने हात जोडले आणि घेतला. हिंदुरावच्या वकिलांनी त्याला चहा पाजला आणि सगळं विचारून घेतलं. साक्षीदार कोण, भिंत घालताना कुणी पाहिलं, रजा कधी संपते. सर्जेराव तोंडभर बोलला. येताना त्याने आम्हालाही पेढे आणले. पेढे खाल्ल्यावर आम्हाला कळलं ते कशाचे.

"अरे शहाण्या, तो शत्रूचा माणूस. शत्रूनं पकडल्यावर काय सांगायचं असतं?"

"नाव, नंबर, हुद्दा."

"मग वकिलापुढं बसलास की तेवढंच सांगत जा."

"समजलं. पुढच्या वेळी तसंच."

या वेळी पारूबाई त्याला हाताला धरून पुन्हा त्या मोफत खोलीत घेऊन गेली. सुमेधा कुरणे नावाच्या वकीलबाई होत्या. हुशार, आणि घड्याळाकडे न बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, "बोला, काय अडचण आहे?"

सर्जेरावने नाव सांगितलं, नंबर सांगितला, हुद्दा सांगितला.

"बरं. भिंत कुणी घातली?"

सर्जेरावने नाव सांगितलं, नंबर सांगितला, हुद्दा सांगितला.

"अहो, मी तुमच्या बाजूची आहे."

सर्जेराव छताकडे बघू लागला.

"पोरी," पारूबाई म्हणाली, "ह्यो देशाचं रक्षण करतो, तवर तू माझं ऐक." आणि तिने सगळं सांगितलं. बाईंनी दावा लावला, रजा संपायच्या आत तारीख मिळवली आणि सर्जेरावला बजावलं, "तुमचं कामच सोपं करते. पिंजऱ्यात उभं राहिलात की माझ्याकडं बघायचं नाही. हिंदुराव जे काही म्हणतील त्याला एकच उत्तर. साफ खोटं, मला मान्य नाही."

"समजलं. तसंच."

तारखेला आम्ही सगळे कोर्टात गेलो. मदत करायला नव्हे, बघायला. सर्जेराव शपथ घेऊन पिंजऱ्यात सावधान उभा राहिला. तेवढ्यात हिंदुराव उठला. त्याच्या बायकोने त्याला आठवडाभर ताट वाढलं नव्हतं. "म्हातारी चुलती खिडकीतनं उतरते अन् तुम्हाला घास जातो?" असं ती म्हणायची. हिंदुराव खाली मान घालून म्हणाला, "साहेब, चूक माझी आहे. ती वाट सर्जेरावच्या आईचीच. भिंत मी उद्या पाडतो."

पारूबाईने पदर डोळ्याला लावला. न्यायाधीश खूश झाले. "छान. काय फौजी, मान्य आहे ना?"

"साफ खोटं," सर्जेराव म्हणाला. "मला मान्य नाही."

वकीलबाई खोकल्या. सर्जेरावने नजर हलवली नाही.

"अहो, ते म्हणतायत वाट तुमची आहे," न्यायाधीश म्हणाले.

"साफ खोटं."

"भिंत पाडतो म्हणतायत."

"मला मान्य नाही."

हिंदुराव आधी गोंधळला. मग त्याने सर्जेरावकडे नीट पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि न्यायाधीशांपुढे हात जोडले. "साहेब, मी काय, साधा माणूस, चुकत असेन. पण फौजी शपथेवर खोटं बोलायचा नाही. त्याचंच लिहून घ्या."