साळिंदर जोडीनं बाहेर जेवतो

डोंगराखालच्या एका रानात एक म्हातारा साळिंदर आपल्या बायकोबरोबर बिळात राहत असे. मोठा तिरसट गडी. रानात दोन खानावळी होत्या, पण त्यानं एकीचीही पायरी चढली नव्हती. बाहेर जेवतो त्याच्या घरात आळस शिरला म्हणून समजा, असं तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. घरी साळिंदरीण कंद उकरायची, भाजायची आणि आधी त्याला वाढायची. त्याचं पोट भरून तो आडवा झाला, की उरलेले गार कंद घेऊन ती कोपऱ्यात बसायची. सगळ्या रानात हीच रीत, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

एका वर्षी थंडी सरता सरता साळिंदरिणीचं जेवण तुटलं. दोन घास खाल्ले की ती पान बाजूला सारायची. अंग वाळलं, काटे गळायला लागले. साळिंदर वरवर खेकसत होता, पण पोरांनो, आतून तो पार घाबरला होता. ही गेली तर बिळात एकट्यानं कुणावर खेकसायचं? शेवटी त्यानं विचारलंच, की बाई, तुला खावंसं तरी काय वाटतं?

ती म्हणाली, "काय ते नाही सांगता येत. पण अहो, एकदा दुसऱ्या कुणाच्या हातचं खावंसं वाटतं."

साळिंदर दुपारभर कुरकुरला आणि ऊन उतरल्यावर तिला घेऊन निघाला. आधी दोघं गेली मोराच्या खानावळीत. दाराला पिसांचं तोरण, आणि रांग पार ओढ्यापर्यंत. दारातला कोल्हा म्हणाला, एवढी जनावरं उगाच उभी आहेत का, आजोबा? साळिंदराला रांगेचा भरवसा नव्हता. बायकोला रांगेत उभं करून तो मागच्या अंगाला गेला. तिथं चुलीपाशी आचारी माकड पानात बांधून आणलेली घरची भाकरी खात बसलं होतं.

"इथलं का खात नाहीस रे?"

"इथलं मी रांधतो ना, म्हणून," माकड म्हणालं आणि पुन्हा भाकरीला लागलं.

साळिंदर तरातरा परत आला. मी सांगतच होतो, चल घरी, म्हणाला. साळिंदरीण मान खाली घालून रांगेतून निघाली. ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

वाटेत जांभळीखाली कासविणीची खानावळ. खानावळ कसली, एक सपाट दगड आणि एक हंडी. गिऱ्हाईक एक नाही. कासवीण मात्र त्याच हंडीतलं वाढून घेऊन जेवत होती. साळिंदर थबकला. स्वतःच्याच हंडीतलं खाता का, असं त्यानं विचारलं.

"मग काय शेजारणीच्या हंडीतलं खाऊ? बसायचं असेल तर बसा. उठवायला कुणी येत नाही."

कासविणीनं नवे कंद चढवले. ती उठणार हळू, चालणार हळू. साळिंदर दहादा करवादला. अखेर वाफाळलेलं पहिलं पान तिनं साळिंदरिणीपुढं ठेवलं. सवयीनं साळिंदराचा पंजा पुढं गेला, पण बायकोचं तोंड बघून त्यानं तो मागं घेतला. तिनं घाईनं घास घेतला, हा-हू केलं आणि हसली.

"किती वर्षांनी जीभ भाजली हो माझी," ती म्हणाली.

कंदांना मीठ कमी होतं, तरी साळिंदर चकार शब्द बोलला नाही. साळिंदरिणीनं तीनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरी त्यानं स्वतः कंद भाजले. निम्मे करपवले. बरे होते ते तिच्यापुढं ठेवले आणि करपलेले घेऊन आपण कोपऱ्यात बसला. "गरम आहे तोवर खा," एवढंच खेकसला. मग दर पुनवेला दोघं जांभळीखाली जाऊ लागली. उन्हाळा लागेपर्यंत साळिंदरिणीच्या पाठीवर नवे काटे उभे राहिले होते.

तात्पर्य : बाहेर जेवायचं तर रांग बघू नका, रांधणारा स्वतः काय खातो ते बघा; आणि घरी जी रोज वाढते तिला गरम घास मिळतो का, हे त्याच्याही आधी बघा.